वाचकांचे प्रश्न : चाळिशीत मानसशास्त्राकडे

प्रश्न : मी २००७ची बी.कॉम. आता वय ४०, नोकरी चालू आहे. मानसशास्त्रात एम.ए. करायचंय. आधी घरबसल्या ऑनलाइन बी.ए. मानसशास्त्र करावं का? जाहिराती बऱ्याच दिसतात. — एक वाचक, सांगली

उत्तर : जाहिरात कधीची आहे ते आधी बघा. जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राच्या ऑनलाइन आणि दूरस्थ पदव्यांचे नवे प्रवेश बंद केले आहेत. आरोग्यसेवेशी निगडित व्यवसायांच्या २०२१च्या कायद्याखाली येणारे विषय या पद्धतीने शिकवायचे नाहीत, असा तो निर्णय. आधी प्रवेश घेतलेल्यांची पदवी पुरी होऊ शकते. पण बहुविषयी बी.ए.मधून फक्त मानसशास्त्राचा पर्याय वगळला जातो. त्यामुळे ‘ऑनलाइन बी.ए.’ खरी असेल, तरी तुमचा विषय तिच्यात नसेल. फी भरण्याआधी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर पदवी आणि विषय दोन्ही तपासा.

एम.ए. वर्गात बसूनच करायची, ऑनलाइन फक्त तयारी, असं धरून चला. जिथे जाणं जमेल अशा दोन-तीन विभागांची यंदाची माहितीपत्रकं काढा आणि ‘पात्रता’ एवढाच भाग वाचा. कुठे कोणताही पदवीधर चालतो, कुठे पदवीला मानसशास्त्र असावंच लागतं. वेळापत्रकही विचारा, नोकरीचं गणित तिथेच अडतं.

तयारीसाठी केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ या ऑनलाइन शिक्षणमंचावरचे अभ्यासक्रम मोफत आहेत. त्यातला एनपीटीईएलचा (आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचा) १२ आठवड्यांचा अभ्यासक्रम घेतलात, तर परीक्षेची फी वेगळी आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. गुण २५ स्वाध्यायांचे (१२ पैकी उत्तम ८) आणि ७५ परीक्षेचे. प्रमाणपत्राला स्वाध्यायांत किमान १० आणि परीक्षेत किमान ३० लागतात. बहुतेकांचं घोडं परीक्षेच्या वेगळ्या नोंदणीपाशी अडतं. तिची मुदत अभ्यासक्रम चालू असतानाच संपते आणि मग नुसते व्हिडिओ उरतात. हे प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे, हेही ध्यानात असू द्या.

आणि सहा महिन्यांच्या समुपदेशन डिप्लोमाने चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होता येत नाही. त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण आणि नोंदणी लागते.

प्रश्न : वाचलेलं आठवड्यात विसरतो, आणि संख्याशास्त्राची धास्ती आहे. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : विसरण्याचं कारण बहुधा पुन्हापुन्हा वाचणं हेच. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे तपासलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा फेरवाचन करणारे पुढे होते; आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांना जास्त आठवलं. प्रकरण वाचलं की पुस्तक मिटा, दहा मिनिटं आठवेल ते लिहा, मग गाळलेलं लाल पेनाने भरा. तेच दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने. लाल शाई कमी होत जाते.

हटकून चुकणारी जोडी म्हणजे ऋण प्रबलन आणि शिक्षा. पट्टा लावला की गाडीची पीं-पीं थांबते, म्हणून आपण पट्टा लावू लागतो : हे ऋण प्रबलन. ‘ऋण’ म्हणजे वाईट नव्हे, काहीतरी काढून घेणं. प्रबलनाने वर्तन वाढतं, शिक्षेने घटतं. आधी वर्तनाचं काय झालं ते विचारा, नाव मागाहून द्या.

संख्याशास्त्राला सुरुवातीला कॅल्क्युलेटर नको, वही हवी. प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत ते, हाताने काढून बघा. ४, ६, ८, १०, १२ हे गुण घ्या. सरासरी ८. सरासरीपासूनचे फरक –४, –२, ०, २, ४, त्यांचे वर्ग १६, ४, ०, ४, १६, बेरीज ४०. हे पाचच गुण तुमचा सगळा गट असतील तर ५ने भागा : ८, वर्गमूळ २.८३. मोठ्या गटातून उचललेला नमुना असेल तर ४ने : १०, वर्गमूळ ३.१६. पुस्तकातलं उत्तर आणि तुमचं उत्तर जुळत नाही ते पुष्कळदा इथेच. असं चार-पाचदा काढलंत की सहसंबंधाच्या सूत्रातली अर्धी चिन्हं ओळखीची वाटतील. आठवड्यातले तीन दिवस, पाऊण-पाऊण तास पुरतो. रविवारी एकदम पाच तास बसलात तर तिसऱ्या तासापासून नुसती पानं उलटत राहाल.