वाचकांचे प्रश्न : वर्गणी सक्तीची असावी का?

प्रश्न : गरिबांसाठी सरकारनं कर घेऊ नये म्हणणारे लिबर्टेरियन, म्हणजे स्वतंत्रतावादी, दानधर्माच्याही विरोधात असतात का? आमच्या गावात आजारपणासाठी मदतनिधी काढायचा आहे. एकरी वर्गणी सगळ्यांना सक्तीची करा, असं काहींचं म्हणणं आहे.
– एक वाचक, ता. साक्री

उत्तर : दानाला त्यांचा विरोध नाही, सक्तीला आहे. आपल्या खिशातून दिलं तर ते दान, दुसऱ्याच्या खिशातून काढून दिलं तर नाही. या विचाराचे अमेरिकी तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ साली कमाईवरचा कर थेट वेठबिगारीच्या पंगतीला बसवला. सगळेच इतके टोकाला जात नाहीत. मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते अर्थतज्ज्ञ हायेक यांना सरकारनं किमान आधार द्यावा हे मान्य होतं. आपल्याकडे शेतकरी संघटनेनं ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ म्हटलं. भाव पाडून वर अनुदान वाटणं हा उपकार नव्हे, हे म्हणणं आम्हाला आजही पटतं.

आता निधी. तुमच्याच पांझराकाठची फड पद्धत, म्हणजे नदीवर बंधारा घालून शेतांच्या पट्ट्यांना (फडांना) सामाईक पाणी द्यायची जुनी रीत बघा. बंधारा, पाट, पाटकरी, जागल्या, सगळा कारभार शेतकऱ्यांचे पंच बघायचे. फडात मनाला येईल ते पीक घेता येत नसे, पण हे बंधन पाणी घेणाऱ्यालाच होतं. निधीतही तेच करा : सभासद व्हायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं, झाल्यावर मात्र नियम कडक.

वर्गणी एकरी नको, घरटी ठेवा. नाहीतर शेतमजूर बाहेर राहतो. नव्या सभासदाला पहिले तीन महिने मदत देऊ नका, नाहीतर लोक आजारी पडल्यावरच नाव नोंदवतात आणि निधी वर्षात आटतो. पैसे रोख हातात न देता दवाखान्याच्या खात्यावर भरा. सह्या दोघांच्या, हिशेब दर तिमाहीला चावडीवर वाचायचा. ठरावीक रकमेची हमी देऊ नका. तो विमा झाला, त्याला परवाना लागतो.

खरी अडचण दुष्काळात येते. कापूस सगळ्यांचाच जातो, वर्गणी थांबते आणि मागणी त्याच वेळी वाढते. म्हणून कापूस विकला की लगेच वर्गणी घ्या आणि तिसरा हिस्सा मुदत ठेवीत टाका. तालुक्याबाहेर नोकरीला असलेल्या गावकऱ्यांनाही सभासद करा, त्यांचा पगार पावसावर नसतो.

जो नाही म्हणेल त्याला लग्नकार्यात, पाणवठ्यावर अडवू नका. सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या २०१६ च्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि धाकानं गोळा केलेल्या पैशाला मदतनिधी म्हणायचा हक्क उरत नाही.