1985 च्या एक रुपयाच्या दोन नाण्यांवर खुणा वेगळ्या का आहेत?

कारण ती वेगवेगळ्या टांकसाळींत पाडलेली आहेत. नाणं उजेडात तिरकं धरा आणि सालाच्या खाली भिंगातून बघा. पत्त्यातल्या चौकटसारखा बारीक हिरा दिसला तर मुंबई, चांदणी दिसली तर हैदराबाद, काहीच नसेल तर कोलकाता. नोएडाचा गोल ठिपका नंतरचा, ती टांकसाळ 1988 पासूनची.

1985 ची गंमत म्हणजे तेव्हा काही नाणी परदेशातूनही पाडून आणली होती. सालाखाली इंग्रजी 'एच' असेल तर ते बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचं. हिरा सालाच्या मधोमध नसून पहिल्या आकड्याखाली, म्हणजे 1 च्या खाली असेल, तर वेल्समधल्या लँट्रिसंटचं. बरेच जण हिरा दिसला की लगेच 'मुंबई' म्हणून मोकळे होतात, मीही तसंच करायचो.

'एच'वाल्याला संग्राहकांत मागणी आहे, पण झिजलेल्या नाण्याला फार कोणी विचारत नाही. आणि कृपा करून चिंच-मीठ लावून घासू नका! मूळ झळाळी गेली की नाण्याची किंमतही गेली. त्याचे लाखो रुपये मिळतील म्हणून आधी 'नोंदणी फी' मागणारा फोन आला, तर सरळ ठेवून द्या.