चाई पडलेल्या मुलाला शाळेत चिडवतात, लोकांना हा आजार कसा समजावायचा?

भाच्याला दोन ठिकाणी चाई पडलीये, म्हणजे गोल चट्ट्यात केस गेलेत, आणि बाकावर त्याच्या शेजारी कोणी बसत नाही, असं लिहिलंय तुम्ही. वाचून कसंतरीच झालं, मी स्वतः यातून गेलोय.

माझा चट्टा डोक्याच्या मागे होता, रुपयाएवढा, एकदम गुळगुळीत, मला पत्ताच नाही. लालबागच्या आमच्या सलूनवाल्याने आरशात दाखवला आणि वर म्हणाला, "झुरळ चाटलं असेल, लसूण घासा." मी शहाणा, आठ दिवस घासला, कातडी सोलून निघाली, केस काय आले नाहीत. त्यात एकदा संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये मागचा माणूस चट्टा बघून चक्क सरकून उभा राहिला, त्या गर्दीत त्याला जागा कुठून मिळाली देव जाणे.

शेवटी स्किनच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. ॲलोपेशिया एरियाटा म्हणाल्या, आपलीच प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उलटते. कडेचे तुटके केस भिंगातून दाखवले, मुळाशी बारीक, वर जाड, अगदी उद्गारचिन्ह! झुरळाचा काही संबंध नाही आणि एकाचं दुसऱ्याला लागत तर अजिबात नाही. फक्त डोक्यात बुरशी झाली तरी असेच चट्टे पडतात, खपल्या धरतात, आणि ते मात्र लागतं, म्हणून भाच्याला आधी दाखवून घ्या. मला चट्ट्यातच दर महिन्याला स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली, चौथ्या महिन्यात आधी पांढरे केस आले मग काळे. सगळ्यांचं असं होत नाही, काहींच्या भुवया-पापण्या पण जातात, आलेले केस परत गळू पण शकतात.

शाळेचं म्हणाल तर डॉक्टरकडून 'हे लागत नाही' एवढी चिठ्ठी घ्या आणि क्लास टीचरला द्या, गेटवर उभ्या असणाऱ्या आयांशी पण बोला कारण पोरांना घरूनच सांगितलेलं असतं लांब बस म्हणून. टोपी घालायची का नाही ते त्यालाच ठरवू दे.

सप्टेंबरमध्ये या आजाराचा जागृती महिना असतो, पोस्टरं वगैरे ठीक आहेत, पण माझं मत विचाराल तर आधी सलूनवाल्याला पकडा, चट्टा पहिला त्यालाच दिसतो. मी आमच्याला बसून समजावलं. परवा माझ्यासमोर एका पोराच्या बापाला सांगत होता, लसूणबिसूण नको, स्किनवाल्याला दाखवा. माझे केस मात्र लसणानेच आले असं अजून म्हणतो.