हटमध्ये मुक्काम: तंबूचं ओझं आणि रात्रीची शेगडी

डोंगरातल्या हटमध्येच, म्हणजे ट्रेकर्सच्या मुक्कामासाठीच्या खोपटातच, राहायचं असेल तर तंबू कशाला, आणि थंडीत तिथली लाकडाची शेगडी रात्रभर पेटती ठेवली तर चालेल का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

तंबू नको असेल तर निदान टार्प (ताणून बांधायचं ताडपत्रीसारखं कापड) किंवा बिव्ही बॅग (स्लीपिंग बॅगवर चढवायची पाणी अडवणारी पिशवी) न्याच. राखणदार नसलेल्या हटमध्ये बहुधा आधी येणाऱ्याला जागा मिळते. नकाशावर दिसणारा हट कधी कुलूपबंद, तर कधी मोडकळीला आलेला निघतो. गादी असली तरी पांघरूण असेल असं धरून चालू नका. स्लीपिंग बॅग स्वतःचीच हवी.

शेगडी मात्र रात्रभर नको. लाकूड पुरावं म्हणून झोपताना हवेची झडप पूर्ण बंद करतात, तिथेच घात होतो. हवा कमी पडली की लाकूड अर्धवट जळतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास. डोकेदुखी, मळमळ, गरगरणं ही त्याची लक्षणं उंचीच्या त्रासासारखीच असल्यामुळे फसगत होते. बंद खोलीत एकापेक्षा जास्त जणांना एकदम असं होऊ लागलं, तर आधी सगळ्यांनी बाहेर पडायचं, कारण मग शोधायचं.

पेटवण्यापूर्वी धुराड्याचं तोंड बाहेरून बघा, त्यात बर्फ किंवा घरटं अडकलेलं असतं. धुराडं थंडगार असेल तर धूर उलटा खोलीत येतो. अशा वेळी आधी थोडा कागद आणि बारीक काटक्या जाळून ते तापू द्या, धूर नीट वर जाऊ लागला की मनगटाएवढी लाकडं घाला. झोपण्याच्या तासभर आधी लाकूड घालणं थांबवा. विस्तव पूर्ण विझेपर्यंत झडप उघडीच ठेवा. राख धातूच्या, झाकणाच्या बादलीतच काढा, कारण राखेखाली निखारे दोन-तीन दिवसही जिवंत राहू शकतात.

खिडकीची फट रात्रभर उघडी असू द्या. थंडी वाजेल म्हणून सगळे ती लावून घेतात, पण एकेक माणूस झोपेत श्वास आणि घामावाटे पाव लिटरच्या आसपास पाणी सोडतो. ते भिंतींवर आणि स्लीपिंग बॅगवर उतरतं, आणि बॅगेतली पिसं ओलावली की त्यांची ऊब जाते. गॅसवर स्वयंपाक करतानाही हाच नियम. गॅसचा कॅनिस्टर (छोटा डबा) बदलायचा तो बाहेर, ज्वाळेपासून दूर.

उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर कोरडा झाडू मारू नका. धुळीतून हंताव्हायरस हा उंदरांपासून पसरणारा विषाणू श्वासात जाऊ शकतो. दारं-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबा, मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी टाकून लेंड्या भिजवा, पाच मिनिटांनी हातमोजे घालून पुसून घ्या. खाणं तारेला टांगा.

छपरावरून टाकीत साठलेलं पाणी एक मिनिट खळखळून उकळा, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. बर्फ वितळवताना भांड्यात आधी थोडं पाणी घाला, नाहीतर तळ करपतो.

हटमधल्या वहीत नाव, तारीख आणि पुढचा मार्ग लिहा, मुक्काम न करता पुढे जाणार असलात तरीही. तुम्ही वेळेत परतला नाहीत, तर शोधपथक त्या नोंदींवरूनच दिशा ठरवतं. निघताना कोरड्या काटक्या आत ठेवा आणि दाराची कडी दोनदा तपासा. उघड्या दारातून वाऱ्याने बर्फ आत भरला, तर नंतर येणाऱ्याला झोपायची फळीसुद्धा कोरडी मिळत नाही.