फॉर्म सबमिट पन्नास, मेल बारा: बुकिंग फॉर्म मोजायचा कसा?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देवगड हापूसच्या पेट्यांचं बुकिंग घ्यायला वर्डप्रेसवर कॉन्टॅक्ट फॉर्म 7 हे प्लगिन (साइटला जोडायचा तयार भाग) लावलाय, जीए4 मध्ये (गूगल ॲनालिटिक्स 4, साइटवर कोण आलं, काय केलं ते मोजणारं साधन) 'फॉर्म सबमिट' पन्नासच्या आसपास दिसतात आणि इनबॉक्समध्ये मेल जेमतेम बारा. मग बाकीची गिऱ्हाइकं गेली कुठे?

बहुतेक कुठेच गेली नाहीत, कारण ती सगळी गिऱ्हाइकं नव्हतीच. जीए4 च्या 'एन्हान्स्ड मेजरमेंट'मधलं (आपोआप होणाऱ्या मोजणीतलं) फॉर्म इंटरॅक्शन फक्त बटण दाबलं गेलं एवढंच बघतं. कॉन्टॅक्ट फॉर्म 7 पान न बदलता मागच्या मागे माहिती पाठवतो आणि तपासतो. कोणी मोबाईल नंबर न टाकता बटण दाबलं, लाल अक्षरात सूचना आली, तरी तिकडे एक आकडा वाढू शकतो. वर तुमच्या साइटवरचा सर्चचा चौकोनही तांत्रिकदृष्ट्या फॉर्मच. त्यामुळे पहिलं काम म्हणजे ॲडमिन, डेटा स्ट्रीम्स, तिथल्या गिअरमध्ये जाऊन फॉर्म इंटरॅक्शन बंद करा. त्या आकड्यावर जाहिरातीचा खर्च ठरवू नका.

मोजायचं ते सर्व्हरने 'मेल गेला' म्हटल्यावर. कॉन्टॅक्ट फॉर्म 7 त्या क्षणी ब्राउझरमध्ये 'डब्ल्यूपीसीएफ7मेलसेंट' (wpcf7mailsent) नावाचा इव्हेंट, म्हणजे 'असं घडलं' अशी खूण, सोडतो. अपुऱ्या फॉर्मसाठी, स्पॅमसाठी आणि मेल न गेल्यास वेगळे इव्हेंट असतात, म्हणजे गाळणी आयतीच मिळते. गूगल टॅग मॅनेजरमध्ये (मोजणीचे कोड, म्हणजे टॅग, साइटवर लावायचं साधन) एक कस्टम एचटीएमएल टॅग करा, त्यात डॉक्युमेंटवर या इव्हेंटचा लिसनर (इव्हेंटची वाट बघणारा कोड) लावा आणि त्यातून डेटालेयरमध्ये (टॅग मॅनेजर वाचतो ती यादी) स्वतःच्या नावाचा एक इव्हेंट ढकला, सोबत फॉर्मचा आयडी. त्या नावावर कस्टम इव्हेंट ट्रिगर (टॅग केव्हा चालायचा ती अट), आणि ट्रिगरवर जीए4 चा टॅग. त्या टॅगमध्ये इव्हेंटचं नाव 'जनरेट लीड' (generate_lead) द्या, ते गूगलच्याच शिफारशीतलं आहे. मग जीए4 मध्ये त्याला 'की इव्हेंट' करा. पूर्वी यालाच कन्व्हर्जन म्हणायचे. खूण केल्यापासून पुढचंच मोजलं जातं, मागचं नाही, म्हणून आंबा यायच्या आधीच उरका.

नेटवर शोधलंत तर 'ऑन सेंट ओके'वाले (मेल गेल्यावर कोड चालवायचा पर्याय) जुने लेख सापडतील. तो पर्याय प्लगिनने केव्हाच काढून टाकलाय. जीए4 च्या आधीच्या युनिव्हर्सल ॲनालिटिक्सचे लेखही सोडा, त्याने 1 जुलै 2023 ला डेटा घेणं थांबवलं. काहीजण 'धन्यवाद' पानावर पाठवून ते पान मोजायला सांगतात. चालतं, पण मोबाईलवर टॅब उघडाच राहतो, दुसऱ्या दिवशी ब्राउझर तो पुन्हा लोड करतो आणि एकच बुकिंग दोनदा मोजलं जातं. मला तो उपाय आवडत नाही.

आता खरी काळजी. 'मेलसेंट' म्हणजे सर्व्हरने मेल पुढे दिला, इतकंच. पेटी एस.टी.त चढवली म्हणजे ती दादरला उतरवून घेतली असं होत नाही ना, तसंच. मेल स्पॅममध्ये पडू शकतो, आणि हे प्लगिन स्वतःहून काहीच साठवत नाही. म्हणून त्याच लेखकाचं फ्लेमिंगो प्लगिन आजच टाका, प्रत्येक फॉर्मची नोंद डॅशबोर्डमध्ये राहील. मेल एसएमटीपीमार्फत (खऱ्या मेल खात्यातून लॉगिन करून पाठवायची पद्धत) जाऊ द्या आणि 'फ्रॉम'मध्ये गिऱ्हाइकाचा नाही, आपल्या डोमेनचा पत्ता ठेवा. हिशेबाची वही फ्लेमिंगोची. ॲनालिटिक्स सांगणार ते माणूस आला कुठून, ते. ॲड ब्लॉकरमुळे तिथला आकडा थोडा कमीच भरेल, घाबरू नका. आणि गिऱ्हाइकाचं नाव, फोन, मेल यातलं काहीही इव्हेंटसोबत पाठवू नका, गूगलला ते चालत नाही.

चाचणी टॅग मॅनेजरच्या प्रिव्ह्यूमध्ये आणि जीए4 च्या डीबगव्ह्यूमध्ये (इव्हेंट लगेच दाखवणारं चाचणीचं पान) करा: आधी नंबर रिकामा ठेवून, मग पूर्ण भरून. दुसऱ्या वेळीच इव्हेंट दिसला पाहिजे. नेहमीच्या रिपोर्टात यायला एखाद-दोन दिवस लागतात.

आपल्या धंद्यासाठी एक सेटिंग फार महत्त्वाचं. जीए4 'एक्सप्लोरेशन'साठीचा (आपण स्वतः बनवायच्या सविस्तर रिपोर्टांसाठीचा) तपशील मूळ सेटिंगनुसार 2 महिनेच ठेवतो. हापूसचा हंगाम वर्षातून एकदाच, म्हणजे पुढच्या एप्रिलला या एप्रिलशी ताडून बघायचं तर हातात काहीच नाही. डेटा रिटेन्शन (तपशील ठेवायची मुदत) 14 महिने करा. उशिरा केलंत तर पुसलेलं परत येत नाही.

शेवटचं, तुम्ही विचारलं नाहीत तरी. मुंबई-पुण्याची निम्मी माणसं फॉर्म भरतच नाहीत, थेट व्हॉट्सॲप नाहीतर फोन करतात (माझ्या ओळखीच्या बागायतदारांचं तरी असंच आहे). व्हॉट्सॲपच्या वेब लिंकवरचा क्लिक जीए4 बाहेरच्या लिंकचा म्हणून आपोआप धरतो. फोन नंबरवरचा टॅप धरत नाही. त्यासाठी टॅग मॅनेजरमध्ये 'टेल:' (tel:) ने सुरू होणाऱ्या लिंकचा क्लिक ट्रिगर लावा आणि इव्हेंटला वेगळं नाव द्या, फॉर्मच्या आकड्यात मिसळू नका. लिसनरचा कोड अडला तर इथेच टाका, बघून सांगतो.