टिपीत पाणी टपकतं कुठून?

प्रश्न : मुलांसाठी अंगणात टिपी, म्हणजे शंकूच्या आकाराचा तंबू, करायचा आहे. बांबू आणि 24 बाय 12 फुटांची प्लास्टिकची ताडपत्री आहे. एकदा करून पाहिला. ताडपत्री वर गोळा होते, खाली फडफडते आणि कुठेही फाटलेली नसताना पावसात आत पाणी टपकतं. आत छोटी शेकोटी चालेल का?

उत्तर : शेकोटी नकोच. प्लास्टिक वितळून अंगावर पडतं आणि चटका खोल जातो. उत्तर अमेरिकेतल्या मैदानी जमातींच्या टिपीत आग पेटायची ती आवरण चामड्याचं, नंतर कॅनव्हासचं असायचं म्हणून. शिवाय वर धुरासाठी झडपा होत्या, वारा फिरला की त्याही फिरवायच्या. तुमच्या ताडपत्रीत यातलं काही नाही.

ताडपत्री गोळा होते कारण शंकूवर चौकोन बसत नाही, अर्धवर्तुळ बसतं. 24 फुटी कडेच्या बरोबर मध्यावर दोरी धरा, 12 फुटांवर खडू बांधा आणि आखा. जमिनीवर जेमतेम 12 फूट व्यासाची जागा मिळेल, उंची साधारण साडेदहा फूट. कापायला हात धजत नसेल तर कोपरे आत दुमडा, माझी हरकत नाही. कडेला रिंगा नसतील तर ताडपत्रीत गोटा गुंडाळून त्याच्या मानेला दोरी आवळायची. भोक पाडलं की तिथूनच फाटतं.

बांबू किमान 14 फुटी हवेत. त्या मैदानी जमातींपैकी लाकोटा तीन दांड्यांवर सांगाडा उभारत, ब्लॅकफूट चारांवर. तुम्हाला तीन सोपे. ते 12 फुटांवर बांधून फाकवा, बाकीचे बेचक्यात नुसते टेकवा. ताडपत्रीच्या सरळ कडेचा मध्य ज्याला बांधलाय तो बांबू सगळ्यात शेवटी, मागच्या बाजूला. दोन्ही कडा पुढे आणून एकमेकींवर चढवा. मग आत शिरून प्रत्येक बांबूचा बुंधा बाहेर ढकला. ताडपत्री तिथे ताणली जाते, खुंट्या ठोकून नाही. फडफड याच टप्प्याला थांबते आणि लोक नेमका हाच टाळतात!

आता गळती. पाणी ताडपत्रीतून येत नाही, बांबूवरून येतं. वर उघड्या राहिलेल्या टोकांवर पाऊस पडतो, थेंब बांबूच्या खालच्या अंगाने घरंगळतात आणि पहिला अडथळा आला की सुटतात. बांबूची प्रत्येक गाठ असा अडथळा आहे. गाठी तासून, काचपेपरने गुळगुळीत करा. आत कपडे टांगायला बांबूंना दोरी गुंडाळली असेल तर तीही गळणारच. दोरी आणि बांबूच्या मध्ये काडीएवढे दोन तुकडे सरकवा, पाणी त्यांच्यामधल्या फटीतून थेट जमिनीपर्यंत जातं. शेकोटी नाहीच, तेव्हा टोकांवर ताडपत्रीच्या उरलेल्या तुकड्याची टोपी घाला. खाली मात्र हवेला वाट ठेवा, नाहीतर आतल्या बाजूने दव धरतं.

वाऱ्यासाठी वरच्या गाठीची दोरी खाली सोडून मध्यभागी खुंटीला ताणून बांधा. विजा चमकायला लागल्या की मात्र मुलांना घरात घ्या.