अण्णा फक्त कुत्रीशीच बोलतात

"आई जाऊन चार महिने झाले. अण्णा आमच्याशी हो-नाही एवढंच बोलतात. पण संध्याकाळी मागच्या दारात बसून कुत्रीशी तासभर बोलत असतात. त्यांच्या डोक्यावर परिणाम तर नसेल झाला?"

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मुलीचा हा प्रश्न. असा प्रश्न माझ्याकडे बऱ्याचदा येतो. कधी कुत्र्याऐवजी मांजर असतं, कधी गोठ्यातली गाय. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

अण्णा एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले. कुत्री गावठी, नाव ठमी. अण्णांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, लळा लावलेला, त्यामुळे ती रोज सातच्या सुमाराला भाकरीसाठी यायची. काकू गेल्या, पण ते ठमीला कोण सांगणार? ती वेळेवर हजर. पहिले काही दिवस अण्णांनी तिला हाकललं. मग एकदा भात लावला. "माझ्यासाठी नव्हता लावला," ते मला म्हणाले, "पण कुकर उघडल्यावर दोन घास मीही खाल्ले."

मला त्या दोन घासांचं मोल फार वाटतं. भेटायला येणारी माणसं तेराव्यानंतर पांगतात. ठमी काही सांत्वनाला आली नव्हती, तिला भूक लागली होती. तिच्या भुकेपायी अण्णांना जागचं उठावं लागलं. स्ट्रोबे आणि स्खुट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलं होतं, की शोकातला माणूस गेलेल्याच्या आठवणी आणि समोरचं रोजचं जगणं यांत सतत ये-जा करत असतो, आणि ही ये-जाच त्याला सावरते. अण्णा आठवणींतच बसून होते. जगण्याकडे त्यांची रोज एक फेरी तरी ठमीमुळे होऊ लागली.

तिसऱ्या भेटीत ते अचानक म्हणाले, "शेवटच्या रात्री मी दवाखान्यातून घरी झोपायला आलो होतो. पोरीनंच पाठवलं. पहाटे फोन आला. मी तिथं असायला हवा होतो."

"हे कोणाला बोललात?"

"ठमीला."

"तिलाच का?"

बराच वेळ ते गप्प राहिले. "ती लगेच 'असू द्या, तुमचा काय दोष' असं म्हणत नाही ना."

आणि मुलीला सांगावं तर तिलाच लागणार. म्हणून चार महिने हे मागच्या दारातच राहिलं.

मुलीला मी सांगितलं, हे वेड नव्हे. आई गेली हे अण्णांना पक्कं ठाऊक आहे, ते जेवतात, झोपतात, पेन्शन आणायला जातात. यातलं काही थांबलं, जगण्यात अर्थ नाही असं ते बोलू लागले, किंवा सहा महिने उलटल्यावरही शोकाने रोजचं जगणं अडलेलंच राहिलं, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटायलाच हवं. 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांकही मी तिला लिहून दिला.

तिला अण्णांसाठी लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणायचं होतं. मी नको म्हटलं. ते कुत्रं दहा-बारा वर्षं जगणार, अण्णा अडुसष्ट वर्षांचे, आणि त्यांना कोणी विचारलेलंही नव्हतं. दुःखातल्या माणसाच्या दारात परस्पर पिल्लू सोडणं मला कधीच पटलेलं नाही. त्यापेक्षा ठमीला रेबीजची लस द्या, आणि फोनवर "जेवलात का?" विचारण्याऐवजी "ठमी आली होती का?" असं विचारा, एवढंच सुचवलं.

महिन्याभराने मुलीचा फोन आला. अण्णांनी आपणहून फोन करून विचारलं होतं, भाकरीच्या पिठाला पाणी किती गरम लागतं. ठमीला भात आवडेनासा झाला होता म्हणे. बोलणं पाऊण तास चाललं. मधेच त्या रात्रीचा विषय निघाला आणि दोघंही रडले.

पहिली भाकरी तव्यावरच मोडली. ठमीने ती खाल्ली.